माझ्या जबड्यातले हात

मी एक जुना पॉवर प्रेस आहे, आणि मित्रांनो, मी फार भित्रा आहे.

तुम्हाला हसू येईल. ओतीव लोखंडाचे एवढे धूड, बाजूला बैलगाडीच्या चाकाएवढे चाक, याला कसली आली भीती? आधी माझे काम ऐका, मग हसा. माझ्या खालच्या बाजूला एक साचा बसवलेला असतो. त्यावर पत्र्याचा तुकडा ठेवायचा. पायाशी पेडल असते, ते दाबले की वरचा जड ठोकळा धाडकन खाली येतो, पत्र्याला हवा तसा वाकवतो आणि परत वर जातो. पत्रा ठेवायला हात आत घालावा लागतो. तयार भाग काढायलाही हात आत घालावा लागतो. दिवसभर कुणाचे ना कुणाचे हात माझ्या जबड्यात ये-जा करत असतात, आणि पत्रा कुठला नि बोट कुठले हे माझ्या ठोकळ्याला कळत नाही. एकदा तो सुटला की मला त्याला धरता येत नाही. आता सांगा, मी घाबरू नको तर काय करू?

माझा जन्म राजकोटच्या एका भट्टीत झाला. तांबडेलाल लोखंड वाळूच्या साच्यात ओतले, थंड झाल्यावर घासले, हिरवा रंग दिला आणि मला ट्रकवर बांधून दूर पाठवले. आज ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या औरंगाबादजवळ, वाळूजच्या माळावर, मी उतरलो. तेव्हा तिथे कारखान्यांपेक्षा कुसळी गवत जास्त होते. नव्या डांबरी रस्त्यावरून मेंढरांचे कळप जात आणि मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवून वाजवून थकत.

मला विकत घेणारे व्यंकटराव हे शिकलेले इंजिनियर होते. घरात सगळे कारकुनी करणारे. यांनी मात्र नोकरी सोडून स्कूटरचे छोटे भाग बनवण्याचा कारखाना काढला होता. आणि माझ्यासमोर पहिला बसला तो सूर्यभान. पैठणकडचा, धनगराच्या घरचा. त्याच्या वडलांनी याच माळावर मेंढ्या चारल्या होत्या.

पहिल्या दिवशी सूर्यभानने मला हात लावला तेव्हा त्याचा तळवा घामाने ओला होता. मला बरे वाटले. ज्याला माझी भीती वाटते तो माझ्याजवळ जपून वागतो.

"लांडग्याचं बी भ्या असतं," तो शेजारच्या मोतीरामला म्हणाला, "पर लांडगा भुकेला आसला तरच येतो. ह्ये बेनं भूक नसताना बी चावंल."

मोतीराम पत्रे कापून आणून द्यायचा, आणि सूर्यभान दमला की त्याच्या जागी बसायचा. हात चपळ, बोलणे कमी. पण बाहेर कुणी दार आपटले, ट्रकचे टायर फुटले, की हा जागच्या जागी गोठायचा. माझ्या धाडधाडीत दिवसभर उभा राहणारा माणूस दाराच्या आवाजाला का घाबरतो, हे मला कळत नव्हते. सूर्यभानलाही नाही. एकदा डबा खाताना त्याने विचारलेच.

मोतीरामने भाकरी खाली ठेवली. "अठ्ठ्याहत्तर साली आमी गावात होतो. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या, येवढंच मागनं होतं आमच्या लोकांचं. त्याच्यावरून पेटलं. आमच्या वस्तीला आग लावली. माय मला अन् बहिनीला घेऊन वढ्यात लपली. वरून लोक पळताना ऐकू यायचे. तवापून कुठं एकदम आवाज झाला की मपला जीव परत वढ्यात जाऊन बसतो."

सूर्यभानने आपल्या डब्यातली चटणी त्याच्या भाकरीवर ठेवली. मग म्हणाला, "मंग हितं कामून आलास? हितं तर दिसभर आवाजच आवाज."

"ह्या आवाजाचं कारन ठावं आसतंय, भाऊ," मोतीराम म्हणाला.

अशी काही वर्षे गेली. माझ्या धास्तीने दोघेही सावध राहिले म्हणून त्यांची बोटे शाबूत राहिली. बाकी कारखान्यांत मात्र दर थोड्या दिवसांनी कुणीतरी हाताला फडके गुंडाळून पळत जाताना दिसे. त्या दिवशी माझ्या अंगातले तेल गोठल्यासारखे व्हायचे.

मग एक्याण्णव साल आले. 'जागतिकीकरण' हा शब्द मी पहिल्यांदा व्यंकटरावांच्या तोंडून ऐकला. आपल्या देशाने बाहेरच्या देशांसाठी दरवाजे उघडले होते, आणि परदेशातल्या एका मोठ्या कंपनीला आमच्यासारख्या छोट्या कारखान्याकडून गाड्यांच्या दारांचे बिजागर हवे होते. व्यंकटरावांचे पाय जमिनीवर ठरेनात. कारखान्याला रंग दिला, मला पुसून लख्ख केले. आमचा सुपरवायझर लक्ष्मण, हा व्यंकटरावांच्याच नात्यातला तरुण, नवा टाय बांधून दारात उभा राहिला.

परदेशातून एक वयस्क पाहुणा तपासणीला आला. त्याने बिजागर हातात घेतले, मान डोलावली. मग तो माझ्यासमोर उभा राहून सूर्यभानचे काम बघू लागला. हात आत, पाय पेडलवर, ठोकळा खाली, हात आत. बघता बघता त्याचा चेहरा उतरला. त्याने स्वतः पुढे होऊन माझा स्विच बंद केला.

"काय झालं साहेब? माल चांगला नाही?" व्यंकटरावांनी घाबरून इंग्रजीत विचारले.

पाहुण्याने आपला डावा हात वर केला. त्याची दोन बोटे मुळापासून नव्हती. सूर्यभानला त्याची भाषा येत नव्हती, पण हे त्याला समजले. त्याने नकळत आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले.

अट अशी पडली की प्रेसला जाळी बसवल्याशिवाय काम मिळणार नाही. व्यंकटराव कुरकुरले. जाळीने वेग कमी होतो, खर्च वाढतो. पण परदेशी काम हवे होते. मग लक्ष्मणने माझ्या जबड्यापुढे लोखंडी जाळी बसवली. पेडल काढून टाकले आणि दोन बटणे लावली, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी दोन्ही बटणे दाबली तरच ठोकळा खाली यायचा. पत्रा एका फटीतून चिमट्याने सरकवायचा, तयार भाग मागून घसरत पेटीत पडायचा. माझ्या आत एक पिन असते. ती झिजली की ठोकळा कुणी न सांगता दुसऱ्यांदा खाली येतो. ती पिनही आता वेळेवर बदलू लागले.

मित्रांनो, त्या दिवसांत मी जन्मात पहिल्यांदा निर्धास्त झालो. सातासमुद्रापलीकडच्या एका माणसाला सूर्यभानच्या हातांची काळजी वाटली, म्हणून ते हात वाचले. हे मी कधीही नाकारणार नाही. काम वाढले, पगार वाढला. सूर्यभानने पत्र्याच्या खोलीच्या जागी विटांच्या खोल्या बांधल्या. मोतीरामची मुलगी चांगल्या शाळेत जाऊ लागली. ती पहिली आली तेव्हा त्याने माझ्या अंगावरही पेढा ठेवला होता. लक्ष्मणने तो खाऊन टाकला, ते सोडा.

पण भीती कारखान्याच्या दारापर्यंतच गेली होती. ती परत आली.

चौऱ्याण्णवचा जानेवारी होता. संक्रांतीला विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचे नाव येणार असे जाहीर झाले होते. सोळा-सतरा वर्षे माणसे त्यासाठी झगडली होती. मोतीराम आनंदात असेल असे मला वाटले होते. पण तो कामावर आला तो आधी फाटकाची कडी तपासून.

दुपारी रस्त्यावरून घोषणांचा आवाज आला. नामांतर नको म्हणणारा एक जमाव वाळूजच्या रस्त्याने येत होता. आमची शिफ्टची बस आलीच नाही. व्यंकटरावांनी फाटक लावायला सांगितले आणि माझा स्विच बंद केला. एकदम शांत झाले, आणि त्या शांततेत बाहेरचा आवाज जवळ जवळ येत गेला. मोतीराम माझ्या मागे येऊन, माझ्या चाकाला पाठ लावून उभा राहिला. त्याचे काळीज माझ्या लोखंडावर धडधडत होते.

फाटकावर काठी आपटली. "आत कोन कोन हाय? नावं सांगा एकेकाची!"

कुणी हलले नाही. मग सूर्यभान पुढे गेला.

"हितं बिजागर करनारे लोक हायत," तो म्हणाला. "दुसरं काय नाव नाय कुनाला."

"सूर्यभान?" जमावातून एक जण पुढे आला. तो त्याचा चुलतभाऊ केरबा होता. "तू हाईस व्हय? तू आपला मानूस. बाजूला हो."

"आपलाच हाय म्हनून सांगतो केरबा. घरी जा. सनासुदीचा दिस हाय, लेकरं वाट बघत आसतील."

"गावात यायचं नाय का तुला परत?"

सूर्यभानने फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरले. तो बाजूला झाला नाही. बाहेर कुजबुज झाली, एक दगड आला, खिडकीची काच फुटली. थोड्या वेळाने आवाज पुढे सरकत गेला आणि विरला.

सूर्यभान परत आला आणि माझ्या पायथ्याशी मटकन बसला. मोतीराम त्याच्याजवळ आला. "भाऊ, तुला गावात तरास देतील आता."

"देतील की. मला काय भ्या वाटत नाय व्हय? पाय बघ कसे लटालटा कापायलेत." मग त्याने विचारले, "एक सांग मोतीराम. नाव बदलल्यानं काय व्हनार रं?"

"माझी भिती जानार नाय, भाऊ. पर माझी लेक त्या दारातून आत जाईल तवा वर बघंल."

माझ्यातून निघालेले बिजागर समुद्र ओलांडून जात होते, आणि ते बनवणाऱ्या मोतीरामला त्या दिवशी कारखान्याचे फाटक ओलांडता येत नव्हते. जग इतके जवळ आले होते, मग शेजारचे गाव एवढे लांब का? संध्याकाळ व्हायच्या आत व्यंकटरावांनी त्याला आपल्या गाडीत बसवून घरी सोडले. दोनच दिवसांनी तो कामावर आला आणि सगळ्यांना त्याने तिळगूळ दिला.

मित्रांनो, पुढे आणखी काही वर्षांनी, ज्या दारातून काम आले होते त्याच दारातून ते निघून गेले. दुसऱ्या कुठल्या देशात तेच बिजागर आमच्याहून स्वस्त बनू लागले. त्या कंपनीने एका दिवसात मागणी थांबवली. दोन बोटे नसलेला तो पाहुणा तोवर निवृत्त झाला होता. आता जे कोणी तिथे होते त्यांनी आम्हाला कधी पाहिलेच नव्हते. व्यंकटरावांनी वर्षभर ओढाताण केली आणि मग सगळ्यांना एकत्र बोलावले. ते बोलायला उभे राहिले आणि हिशेबाची वही मिटून खाली बसले.

"ऱ्हाऊ द्या साहेब, कळलं," सूर्यभान म्हणाला. "मेंढरं आसती तर रानात गेलो आस्तो. आता मेंढरं बी नाय अन् रान बी नाय."

शेवटच्या दिवशी त्याने आणि मोतीरामने मला पुसले, तेल घातले. सूर्यभान पैठण रोडवरच्या एका गोदामावर रखवालदार म्हणून लागला असे ऐकले. मोतीराम भाजीची गाडी लावू लागला. त्याची मुलगी तोवर विद्यापीठात शिकत होती. मी त्या दोघांना परत पाहिले नाही.

मला लक्ष्मणने घेतले. आता तो कुणाचा सुपरवायझर नव्हता. वाळूजच्या मागच्या गल्लीत त्याने पत्र्याची शेड घेतली होती. तो भाग बनवून एका मोठ्या कारखानदाराला द्यायचा, तो कारखानदार आणखी मोठ्या कंपनीला, आणि ती कंपनी परदेशात पाठवायची. पाहुणे अजूनही तपासणीला येत. पण ते त्या मोठ्या कंपनीच्या चकचकीत हॉलमध्ये येत. आमच्या गल्लीत त्यांची गाडी वळायलासुद्धा जागा नव्हती.

एके सकाळी लक्ष्मण पाना घेऊन आला आणि माझी जाळी काढू लागला. त्यानेच ती बसवली होती. पाना दोनदा त्याच्या हातातून निसटला. त्याने बटणेही काढली आणि पेडल पुन्हा बसवले. "नाहीतर काम दुसऱ्याकडे जाईल," तो कुणाशी तरी बोलावे तसे बोलला. शेडमध्ये माझ्याशिवाय कुणीच नव्हते.

माझ्यासमोर मंजुळाबाई बसू लागली. अजिंठ्याकडची, आधी शेतात मजुरी करणारी. हसतमुख बाई. तिने पहिल्यांदा हात आत घातला तेव्हा तो कोरडा होता. तिला माझी भीतीच वाटत नव्हती, आणि म्हणून मी दुप्पट घाबरलो. ती गाणे गुणगुणत काम करायची. ती चुकू नये म्हणून मी प्रत्येक टोल्याला मनातल्या मनात तिच्या गाण्याचा ठेका धरायचो. इकडे माझी पिन झिजत होती. मला ती हलताना कळत होती, दुखऱ्या दातासारखी.

एकदा तसे झालेच. मंजुळाबाई पत्रा घ्यायला वळली होती, पाय पेडलवर नव्हता, आणि माझा ठोकळा आपोआप खाली आला.

"शेठ!" तिने हाक मारली. "ह्यानं पाय न लावता टोला हानला!"

लक्ष्मण आला. त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याला पिनचे सगळे माहीत होते. तो माझ्याकडे बघत राहिला, मग दाराशी उभ्या असलेल्या टेम्पोकडे. "आज एवढा माल जाऊ द्या, मंजुळाबाई. उद्या पिन बदलतो."

दुसऱ्या दिवशीही टेम्पो उभा होता. तिसऱ्या दिवशीही.

मला ओरडता येत नाही. मी जेवढा खडखडाट करता येईल तेवढा केला. कडकड वाजलो, तेल गाळले, चाकावरचा पट्टा घसरू दिला. लक्ष्मणने पट्टा परत चढवला.

मग ती सकाळ आली. मंजुळाबाई गाण्याची दुसरी ओळ म्हणत होती. तिने तयार भाग काढायला हात आत घातला. पाय पेडलवर नव्हता.

पुढचे मी तुम्हाला सांगणार नाही. एवढेच सांगतो की गाणे थांबले. उजव्या हाताची तीन बोटे गेली.

लक्ष्मणनेच तिला उचलून रिक्षात घातले, दवाखान्यात नेले. परत आला तेव्हा त्याच्या शर्टावर डाग होते आणि तो कुणाकडे बघत नव्हता. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. लक्ष्मणने चंपाबाईकडे पाहिले. ती मंजुळाबाईच्या गावचीच, कोपऱ्यात भाग पुसायचे काम करणारी.

"चंपाबाई, तुम्ही बसा जरा. थोडाच माल राहिलाय."

चंपाबाई माझ्यासमोर आली. स्टुलाजवळ उभी राहिली. तिच्या घरी तिच्या पगारावर चूल पेटत होती, हे त्या शेडमध्ये सगळ्यांना माहीत होते.

"न्हाय बसायची," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की लक्ष्मणला परत विचारावे लागले. "जाळी लावा. मंग बसते. न्हायतर न्हाय."

बाकीच्या दोघी-तिघी उठून तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. त्याही घाबरलेल्या होत्या. एकीने चंपाबाईच्या पदराचे टोक मुठीत धरले होते.

"मी काय करू?" लक्ष्मण एकदम ओरडला. "वरचे म्हणतात उद्या द्या, त्यांच्या वरचे म्हणतात आज द्या! मी कुणाला जाऊन सांगू?"

"आमाला सांगायचं व्हतं," चंपाबाई म्हणाली. "हात तर आमचेच हायती न्हवं?"

लक्ष्मण खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. टेम्पो रिकामा गेला.

ते दिवस मला वाईट गेले. मी बंद होतो, आणि तरीही घाबरलेलाच होतो. काम खरेच दुसऱ्याकडे गेले तर या बायकांनी खायचे काय? मी चाललो तर हात जातात, थांबलो तर चूल विझते. कुठल्या भीतीला मोठे म्हणायचे तेच मला कळेना. पण लक्ष्मण फिटर घेऊन आला. नवी पिन घातली, नवी जाळी ठोकली. माल कमी निघू लागला. वरच्यांनी काही काम काढून घेतले, सगळे नाही. शेड चालू राहिली, रडतखडत.

काही महिन्यांनी मंजुळाबाई परत आली. लक्ष्मणने तिला भाग तपासण्याचे काम दिले. ती डाव्या हाताने भाग उचलते, उजव्याच्या तळव्यावर टेकवते, उलटसुलट करून बघते. गाणे म्हणत नाही. परवा एक नवी बाई कामाला आली, तिला ती माझ्यासमोर घेऊन आली.

"जाळीच्या आत बोट जाता कामा नये," तिने बजावले. "कितीबी घाई आसू दे. मशिनीला माया नसती."

मला वाटले, ओरडून सांगावे, अगं आहे! पण ती बरोबरच बोलली. माझ्या मायेचा उपयोग काय? मला थांबता येत नाही.

थांबता तुम्हाला येते, मित्रांनो. आज जगभरच्या वस्तू तुमच्या दारात येतात, आणि तुमच्या गावच्या वस्तू जगभर जातात. चांगलीच गोष्ट आहे ती. त्यावर कितीतरी घरे उभी राहिली, मी पाहिली आहेत. वस्तू हातात घेतली की ती कुठल्या देशातून आली हे तुम्ही उलटून बघता. स्वस्त मिळाली की खूश होता. तेव्हा एवढे आणखी विचारत जा, की ही कुणाच्या हातांनी झाली, आणि ते हात धड आहेत ना? दुकानात विचारा, घरात विचारा, मोठे होऊन कारखान्यांचे साहेब झालात तर चकचकीत हॉलमधून बाहेर पडून मागच्या गल्लीत चालत येऊन विचारा.

पण फार उशीर करू नका. वाळूजच्या मागच्या गल्ल्यांत माझे कितीतरी भाऊ अजून बिनजाळीचे आहेत. तुम्ही हे वाचत असताना त्यांच्यातल्या एकाचा ठोकळा वर गेलेला आहे, आणि खाली कुणाचा तरी हात आहे.